ताई, तुमची मीटिंग वरच्या मजल्यावर आहे

दारू सोडू पाहणाऱ्यांमध्ये मला बसता येईल अशी एक खोली सापडायला 62 दिवस लागले. 4 फेब्रुवारी 2024 ते 6 एप्रिल 2024. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे तारखा आणि रकमा वहीत टिपून ठेवायची सवय आहे, आणि त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. वय 44, राहणार पुणे, एका खासगी कंपनीत नोकरी, घरी नवरा आणि पंधरा वर्षांचा मुलगा. नाव लिहिणार नाही आणि ज्या गटांत गेले त्यांचीही नावे लिहिणार नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या संघटनेच्या नावातच अनामिकता आहे आणि ती मला फार उपयोगी पडली.

सुरुवात हळदीकुंकवापासून झाली. रविवार, 21 जानेवारी. मोठ्या जाऊबाईंकडे वीस-बावीस बायका जमल्या होत्या आणि मी निघण्यापूर्वी घरी अर्धी क्वार्टर पिऊन, वर वेलची चावून गेले होते. अत्तर लावताना जाऊबाईंनी माझा हात धरला आणि काही क्षण सोडलाच नाही. मग हळूच म्हणाल्या, "तू आत जाऊन जरा पड. डोकं दुखतंय म्हणून सांगते मी सगळ्यांना." त्या दिवशी त्यांनी मला कोणासमोरही उघडे पाडले नाही. संध्याकाळी घरी येऊन वाणाची वाटी आणि एक चिठ्ठी देऊन गेल्या. चिठ्ठीत 14446 हा केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक होता.

त्या क्रमांकावर मी मंगळवारी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "रुग्ण आपले कोण?" मी म्हटले, "मीच." क्षणभर शांतता पसरली आणि मग त्यांनी अगदी नीट, घाई न करता माहिती विचारली. हा प्रश्न पुढे मला इतक्या जणांनी विचारला की त्याचे काही वाटेनासे झाले, पण त्या दिवशी जिन्याचा कठडा धरावा लागला होता.

24 जानेवारीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तपासणी फी 1,000 रुपये, यकृताच्या आणि इतर रक्तचाचण्या 1,150 रुपये. त्यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. ती जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली असून तिच्यात जास्तीत जास्त 40 गुण मिळतात. मला 27 मिळाले. परीक्षेत कधी इतक्या प्रामाणिकपणे उत्तरे लिहिली नसतील. मी म्हटले, आजपासून बंद करते. डॉक्टर एकदम पुढे झुकले आणि म्हणाले, "असं करायचं नाही." रोज पिणाऱ्या माणसाने अचानक दारू तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. हे मला खरोखरच माहीत नव्हते, म्हणून येथे ठळकपणे सांगते : रोजची सवय असेल तर डॉक्टरांशिवाय एकदम सोडण्याचा पराक्रम करू नये. मला हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, दिले. पहिले पाच दिवस आई माझ्याकडे येऊन राहिली आणि दर चार तासांनी माझी नाडी मोजत राहिली. दुसऱ्या रात्री 26 जानेवारी लागला. हा ड्राय डे. एरवी मी 25 तारखेलाच साठा करून ठेवत असे. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर या तारखा मला सणांपेक्षा ड्राय डे म्हणून अधिक पाठ होत्या.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली : स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील मद्याचे प्रमाण जास्त चढते आणि यकृताचे नुकसानही लवकर होते. "तुमचे मिस्टर किती घेतात याच्याशी तुलना करू नका," असे ते म्हणाले. मी नेमकी तीच तुलना आठ वर्षे करत आले होते.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ऑफिसला दहा दिवसांची वैद्यकीय रजा टाकली, तेव्हा प्रमाणपत्रावर आजाराचे नाव असावे असा आग्रह झाला. डॉक्टरांनी "उपचाराधीन असून विश्रांतीची आवश्यकता" एवढेच लिहिले आणि मानसिक आरोग्य काळजी अधिनियम, 2017 च्या कलम 23 प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे त्यांच्यावर बंधन आहे, असे स्पष्ट केले. ऑफिसने ते मानले. मेडिक्लेमच्या बाबतीत मात्र पदरी निराशा आली. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींच्या यादीत बाराव्या क्रमांकावर मद्यासक्ती आणि इतर व्यसनांवरचे उपचार आहेत. गंमत अशी की त्याच 2017 च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या अवस्थांचा समावेश आहे. याबद्दल पत्र लिहून भांडण्याची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती, म्हणून बिले फाइलला लावून ठेवली. त्याच कप्प्यात माझा मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा आजन्म परवाना सापडला. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो "आरोग्य राखण्यासाठी" दिलेला असतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले.

दाखल होऊन उपचार घेण्याचा विचारही झाला होता. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि त्यांचा निशिगंध हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभागही आहे. मुलाची दहावी तोंडावर असल्याने मी घरूनच उपचार घ्यायचे ठरवले. तो निर्णय बरोबर होता की नाही, याबद्दल माझे मन आजही दुभंगलेले आहे. डॉक्टरांनी मात्र एक अट घातली : गोळ्या संपण्याआधी एएची मीटिंग गाठायची. "औषधाने शरीर सुटेल. बाकीच्यासाठी माणसं लागतील."

तर मग 4 फेब्रुवारी, रविवार. इंटरनेटवर मिळालेल्या एका यादीतील सर्वांत जवळचा पत्ता निवडला. संध्याकाळी सहाची वेळ. तिथे एक शाळा होती, तिला कुलूप होते आणि वॉचमन काका बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते. मी "मीटिंग" एवढाच शब्द उच्चारला. ते म्हणाले, "ते दारूवाले का? लॉकडाऊनपासून येत नाहीत ते." त्यांना गट कोठे गेला हे माहीत नव्हते. रिक्षाचे जाऊन-येऊन 190 रुपये झाले. यातून शिकलेली गोष्ट ही की यादीवर विसंबून निघू नये, आधी तिथल्या क्रमांकावर फोन करावा आणि "या आठवड्यात, याच ठिकाणी मीटिंग आहे ना?" असे सरळ विचारावे. ओपन मीटिंग आहे की क्लोज्ड, हेही विचारावे. ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही बसू शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते.

बुधवारी, 7 फेब्रुवारीला, फोन करून खात्री केली आणि कॅम्पातील एका चर्चच्या आवारात पोहोचले. तळमजल्याच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला पाहताच अतिशय अदबीने जिन्याकडे हात केला आणि म्हटले, "ताई, तुमची मीटिंग वरच्या मजल्यावर आहे." मी वर गेले. वर दहा-बारा बायका गोलाकार बसल्या होत्या. मला वाटले, वा, स्त्रियांचा गट! पाच-सात मिनिटे गेल्यावर लक्षात आले की ही अल-ॲनॉनची मीटिंग आहे. अल-ॲनॉन हा 1951 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला मद्यपींच्या कुटुंबीयांचा गट. त्या साऱ्या कोणाच्या तरी बायका, आया, बहिणी होत्या.

मी उठून जायला हवे होते, पण उठता आले नाही. माझ्या शेजारच्या बाई सांगत होत्या की त्या रोज रात्री बाटलीवर पेनाने बारीक खूण करून ठेवतात, सकाळी पातळी पाहतात आणि दिवसभर त्या दोन रेघांमधले अंतर डोक्यात घेऊन फिरतात. आमच्या घरी बाटलीवर असलेली खूण मीच पुसत असे. ती खूण नवऱ्याची असते हे मला ठाऊक होते, त्याला मी पुसते हे ठाऊक होते आणि आम्ही दोघेही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. मीटिंग संपल्यावर मी त्या बाईंना म्हटले, "मी चुकून आले. मला खाली जायचं होतं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता राग दिसेल. त्यांनी विचारले, "जेवण जातं का तुम्हाला?" आणि पिशवीतून तिळाची वडी काढून दिली.

खालच्या गृहस्थांचा मला दोष द्यायचा नाही. त्यांच्या पाहण्यात त्या दारातून आत येणारी प्रत्येक बाई वरच जाणारी होती. पण आपल्याकडे एखादी स्त्री दारू सोडायला मदत मागते तेव्हा तिला आधी आपण कोणाची बायको नाही हे पटवून द्यावे लागते, ही अडचण मी येथे लिहून ठेवते आहे. दारातच "मी स्वतःसाठी आले आहे" हे चार शब्द बोलण्याची तयारी करून जावे. मी ते घरी आरशासमोर म्हणून पाहिले होते.

11 फेब्रुवारीला दुसऱ्या एका भागात क्लोज्ड मीटिंगला गेले. अठरा पुरुष आणि मी. सुरुवातीला प्रास्ताविक वाचले गेले. सदस्य होण्यासाठी एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, नोंदणी नाही, जात-धर्म विचारत नाहीत. 1935 मध्ये अमेरिकेतील अक्रन या गावी दोन मद्यपी, एक शेअर दलालीच्या धंद्यातला आणि एक शल्यविशारद, एकमेकांशी बोलत राहिल्याने दोघांचीही दारू सुटली, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे, हे एका काकांनी मला थोडक्यात सांगितले. मग शेअरिंग सुरू झाले. एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि आपले अनुभव सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. हे मला आवडले. पण तिसऱ्या-चौथ्या शेअरिंगमध्ये बायकोच्या तोंडाळपणावर एक विनोद झाला, सगळे हसले आणि सतरा जणांनी हसता हसता माझ्याकडे पाहिले. माझी पाळी आली तेव्हा मी "आज फक्त ऐकते" म्हटले. तसे म्हणता येते, कोणी जबरदस्ती करत नाही. निघताना एकाने "काही लागलं तर" म्हणून माझा मोबाइल नंबर मागितला. अठरा पुरुषांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ मागून आले, त्याला बाजूला घेतले आणि मला म्हणाले, "ताई, नंबर द्यायचा तर बाईलाच द्या. आमच्यात पुरुषाने पुरुषाला आणि बाईने बाईला धरायचं असतं." त्यांच्या सरळपणाबद्दल मी ऋणी आहे, परंतु त्या खोलीत मी पुन्हा गेले नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे मी ऑनलाइन, इंग्रजीतून चालणाऱ्या स्त्रियांच्या मीटिंगला बसले. रात्री नऊ वाजता, स्वयंपाकघराचे दार लावून, कॅमेरा बंद. मुंबई, बंगळुरू, दुबई असे कोठून कोठून बायका येत. त्या फार चांगल्या होत्या. दोष माझ्या इंग्रजीचा होता, म्हणजे ती चांगली असण्याचा. गेली वीस वर्षे मी इंग्रजीत अहवाल लिहिते, ऑडिटरना उत्तरे देते आणि गैरसोयीची रक्कम कोणत्या शीर्षाखाली टाकली तर डोळ्यांत खुपणार नाही हे मला चांगले कळते. पहिल्याच आठवड्यात मी इंग्रजीत "मी अल्कोहोलिक आहे" असे बिनदिक्कत म्हणून टाकले आणि माझ्या अंगावर साधा काटाही आला नाही.

मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर. मी दोन मीटिंगा चुकवल्या, मग तिसरी. शनिवार, 23 मार्चला रात्री साडेनऊला ऑफिसमधून निघाले आणि गाडी आपोआप वळावी तशी घरापासून लांबच्या त्या वाइन शॉपकडे वळली, जिथे मला कोणी ओळखत नसे. एक क्वार्टर. पार्किंगमध्ये गाडीतच. दोन महिन्यांनी प्यायल्यावर चव छान लागेल असे वाटले होते, ती नेहमीसारखीच लागली. याला मीटिंगच्या भाषेत "स्लिप" म्हणतात. दुसऱ्या दिवशी होळी होती, मी पुरणपोळ्या केल्या आणि मुलाच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

24 मार्च हा माझा पहिला दिवस. आधीचे दोन महिने मोजायचे की नाही यावर मी स्वतःशी बरीच हुज्जत घातली. हिशेबात असे प्रश्न सोपे असतात.

स्लिपची गोष्ट मी जाऊबाईंना सांगितली. त्यांनी काहीही न बोलता त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त परिचारिकेशी माझे फोनवर बोलणे करून दिले. या बाई स्वतः अकरा वर्षे एएमध्ये होत्या, आणि जाऊबाईंना हे इतकी वर्षे माहीत असूनही त्यांनी आमच्या घरात कधी त्याचा उल्लेख केला नव्हता. गुपित राखणारी माणसे अशी असतात. परिचारिका बाई म्हणाल्या, "शनिवारी सातला ये. लांब आहे. मराठी आहे. चहा बरा नसतो."

6 एप्रिलला मी गेले. उपनगरातील एक महापालिका शाळा, तळमजल्यावरचा दुसरीचा वर्ग, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि बाक इतके छोटे की सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. नऊ जण होते, त्यांत परिचारिका बाई धरून दोन स्त्रिया. एक रिक्षाचालक, एक निवृत्त फौजदार, एक कॉलेजातला मुलगा. धीर, हिंमत आणि शहाणपण मागणारी छोटी प्रार्थना झाली. माझ्या घरी देव्हारा आहे, पण माझे देवाशी नाते नैवेद्यापुरते. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे सदस्यांनी क्रमाने करायच्या बारा गोष्टींमध्ये, देवाचा उल्लेख येतो तेव्हा मी अडते. फौजदार म्हणाले, "तुमच्यापेक्षा मोठी असलेली कुठलीही गोष्ट धरा. मी आधी हा ग्रुपच धरला होता." तेवढ्यावर सध्या माझे भागते.

मग माझी पाळी आली. मी नाव सांगितले. पुढचा शब्द तोंडातून निघेना. दारुड्या हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे, त्याच्यावर विनोदही होतात, वगनाट्यातही तो झिंगत येतो. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र शिवी म्हणूनच कानावर येते. मी तोच शब्द गिळत बसले होते. परिचारिका बाई शेजारून पुटपुटल्या, "मद्यपी म्हण. तो शब्द बाईलाही तसाच, बुवालाही तसाच." मी "मी मद्यपी आहे" म्हटले आणि आवाज फुटला. इंग्रजीत जे पाच आठवडे सहज म्हणत होते, ते मराठीत म्हणताना आई, आजी, शाळेतल्या बाई, सगळ्या त्या वर्गात येऊन उभ्या राहिल्यासारखे झाले. नऊ जणांनी एकाच आवाजात माझ्या नावाने नमस्कार केला. बाटलीवरच्या खुणेची गोष्ट मी त्या दिवशी सांगितली. घरी येऊन तीच नवऱ्यालाही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पेन मुलाच्या कंपासमधलं होतं." म्हणजे मुलालाही ठाऊक होते.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. "नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा" असे नव्या माणसाला सुचवतात. नोकरी आणि घर सांभाळून मला 41 जमल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक ऑनलाइन. नाही जमल्या म्हणून कोणी काही म्हटले नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जे जमेल ते टाकायचे. पहिल्यांदा आलेल्याला टाकू देत नाहीत. मी दर वेळी 20 रुपये टाकते. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, त्यामुळे वर्गाचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा सगळा खर्च त्या पिशवीतून निघतो आणि दर महिन्याला हिशेब वाचून दाखवला जातो. पहिल्या महिन्यात त्यात 14 रुपयांची चूक मी दाखवली, तेव्हापासून ती वही माझ्याकडे आहे. परिचारिका बाई माझ्या स्पॉन्सर झाल्या. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी या वाटेने गेलेला आणि रात्री अकरालाही फोन उचलणारा माणूस. त्यांचा एकच दंडक आहे : फोन पिण्याआधी करायचा, नंतर नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे अजूनही दोन महिन्यांतून एकदा जाते. मीटिंग हा औषधाला पर्याय आहे असे आमच्या गटात कोणी सांगत नाही, आणि कोणी सांगितले तर ऐकू नये.

जो गट पहिल्या वेळी पटला नाही तो वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या खोलीत मी पुन्हा गेले नाही, तिथेच आमच्या रिक्षाचालक भाऊंची नऊ वर्षे गेली आहेत. भाषा, वेळ, अंतर, खोलीत आपल्यासारखे कोणी आहे का, या चारही गोष्टी जुळायला वेळ लागतो, म्हणून निदान पाच-सहा ठिकाणी जाऊन पाहावे आणि मधल्या काळात डॉक्टर सोडू नयेत.

24 मार्च 2025 ला वर्ष झाले. केक आणला होता, परिचारिका बाई म्हणाल्या तसा चहा बरा नव्हता. त्यानंतरच्या मासिक बैठकीत मी एक ठराव मांडला : दाराबाहेरच्या पाटीवर "स्त्री-पुरुष सर्वांसाठी" असे लिहावे. आमच्याकडे असे निर्णय मतदानापेक्षा सर्वांचे समाधान होईपर्यंत चर्चा करून घेतात, आणि त्यामुळे एवढ्याशा शब्दांना दोन महिने लागले. एकाचे म्हणणे पडले की "सर्वांसाठी" म्हटल्यावर "स्त्री-पुरुष" कशाला. फौजदारांनी विचारले, "मग गेल्या वर्षी किती बायका आल्या?" वही माझ्याकडेच होती. मी आकडा सांगितला : तीन. जूनमध्ये पाटी रंगवून आली, 180 रुपये. शाळा ती कायमची लावू देत नाही. ती वर्गातल्या कपाटामागे उभी करून ठेवलेली असते, म्हणून दर शनिवारी मी वीस मिनिटे आधी जाते, पाटीवरची धूळ पुसते आणि ती दाराशी बाहेर आणून ठेवते.